उभ्या घड्याळाचं मशीन बदलायचं की दुरुस्त करायचं?

प्रश्न : नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली घेतलेलं मोठं उभं घड्याळ, इथे ज्याला ग्रँडफादर क्लॉक म्हणतात ते, आमच्या हॉलमध्ये आहे. तीन वजनं, लांब लंबक, दर पंधरा मिनिटांनी वेस्टमिन्स्टरची धून. गेलं वर्षभर ते मधेच बंद पडतं, लंबक हलवून दिला की एखादा दिवस चालतं आणि परत बंद. एका कारागिराने बघून सांगितलं मशीन झिजलंय, आख्खंच बदला. सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं झाली, सासूबाई म्हणतात मशीनच बदललं तर ते त्यांचं घड्याळ कसलं. नवरा म्हणतो मीच बदलतो. काय करावं?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : नमस्कार ताई. कारागीर बरोबर असू शकतो, पण त्याच्या शब्दावर लगेच जाऊ नका, आधी दोन गोष्टी घरीच बघा.

पहिली गोष्ट, कान लावून ऐका. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं आहे का? टिक-टॉक......टिक-टॉक असं लंगडत असेल तर घड्याळ बीटमध्ये, म्हणजे सारख्या ठेक्यात, नाही, कोणीतरी कार्पेट बदलताना सरकवलं असेल किंवा एक पाय खाली बसला असेल, आणि अशी कितीतरी चांगली घड्याळं "मशीन गेलं" म्हणून उगाच उघडली जातात. लेव्हल लावून पाय नीट करा, मग लंबक नेहमीपेक्षा थोडा जास्त ओढून सोडा. त्या काळातल्या बऱ्याच मशीनमध्ये बीट आपोआप जुळायची सोय असते.

दुसरी गोष्ट, बाजूचं पॅनल काढून टॉर्चने मशीनच्या पितळी प्लेट बघा. चक्रांच्या दांड्यांची बारीक टोकं, म्हणजे पिव्हट, ज्या भोकांत फिरतात तिथे काळंहिरवं चिकट तेल दिसतंय का? चावी अगदी हळू देताना ती टोकं भोकात इकडून तिकडे डुलतायत का? डुलत असतील तर भोकं लांबट झालीयत, त्यामुळे दाते एकमेकांत नीट बसत नाहीत आणि लंबकापर्यंत जोर पोचत नाही. वाळलेल्या तेलात धूळ आणि पितळेचा चुरा मिसळला की त्याची घासपेस्टच होते, आणि ८० च्या दशकाच्या आसपासच्या काही मशीनमध्ये पिव्हटवर जो मुलामा असायचा तो उडाला की ते टोक कानशीसारखं पितळ खातं. तिथे वरून तेल सोडून काही होत नाही, दोन महिने चालेल आणि झीज आणखी वाढेल. (शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीही कृपया आत घालू नका, आणि दात्यांना तर कुठलंच तेल नको.) जास्त वजन लावून चालवायचाही प्रयत्न नको.

आता तुमच्या घड्याळात चक्रांच्या तीन रांगा आहेत, प्रत्येक रांगेला एक वजन, समोर उभं राहिलं की मधलं वजन वेळेचं, डावं तासाच्या टोल्यांचं, उजवं धुनेचं. झिजलेलं मशीन दुरुस्त करायचं म्हणजे तिन्ही रांगा सुट्या करून पिव्हट घासून गुळगुळीत करायचे, भोकात नवे बुश, म्हणजे छोट्या पितळी नळ्या, बसवायचे, सगळं धुवून परत जोडायचं, कित्येक तासांचं काम आहे आणि मुलामा गेला असेल तर त्याहून जास्त. म्हणून या वयाच्या घड्याळाला तेच मशीन नवं बसवणं हा अगदी प्रामाणिक सल्ला आहे. घड्याळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं इंग्लिश असतं तर मी उलट सांगितलं असतं, ते मशीन हाताने बनवलेलं असतं, त्याला दुरुस्तच करायचं, कितीही वेळ लागो.

नवं मशीन मागवताना डायलवरचं नाव बघून मागवू नका, ते बहुतेक वेळा कॅबिनेट बनवणाऱ्याचं असतं. मशीन बहुधा जर्मन निघेल, हर्मले किंवा किनिंगरसारख्या कंपनीचं. मागच्या प्लेटवर नंबर ठोकलेला असतो, उदाहरणार्थ हर्मलेचा ११६१-८५३, आणि जवळच सेंटिमीटरमध्ये लंबकाची लांबी, जसं ९४. दोन्हीचा फोटो काढा. ही लांबी जुळलीच पाहिजे, कारण आतल्या दात्यांची संख्या त्याच लंबकाच्या वेगासाठी मोजलेली असते, चुकीच्या लांबीचं मशीन आलं तर नट फिरवून कधीच भरून निघणार नाही इतका फरक पडेल. काट्यांच्या दांडीची उंची आणि केबल आहे की साखळी हेही बघून घ्या.

मिस्टरांना जमेल का? हाताला धीर असेल तर जमेल. आधी लंबक काढायचा, मग वजनं, हातमोजे घालूनच, नाहीतर घामाचे डाग पितळेवर कायमचे बसतात. प्रत्येक वजनावर डावं-मधलं-उजवं अशी चिठ्ठी लावा, दिसायला सारखी असली तरी आतून वेगळी असू शकतात, उजवं बहुतेक वेळा सगळ्यात जड असतं. केबलचं असेल तर काढण्याआधी वजनं वरपर्यंत चढवून पुलीच्या वर लाकडाचा किंवा थर्माकोलचा ठोकळा अडकवा, केबल सैल पडली की आत गुंतते. मिनिटकाट्याचा छोटा नट काढला की काटा सरळ बाहेर येतो, तासकाटा नुसता घट्ट बसवलेला असतो, हलकेच फिरवत ओढायचा. मग फळीखालचे दोन बोल्ट सोडले की मशीन मोकळं. नवं तसंच उलट्या क्रमाने.

खरं नाजूक काम इथून पुढे आहे, धून वाजवणाऱ्या छोट्या हातोड्या आणि त्या ज्यांच्यावर आपटतात ते धातूचे रॉड. हातोडी थांबलेली असताना रॉडपासून साधारण ३ मिलिमीटर लांब हवी, टेकली तर आवाज ठप्प येतो. जुळवायला हातोडीची तार वाकवायची, रॉड कधीच नाही, रॉड मुळाशी तुटतो आणि मग तो सूर गेला.

आणि सासूबाईंबद्दल, मला त्यांचं म्हणणं पटतं, पण त्यांना एक गोष्ट नक्की सांगा. घड्याळाचा आवाज मशीनमध्ये नसतो. तो त्या रॉडमध्ये असतो आणि त्यांच्यामागच्या लाकडाच्या पेटीत असतो, आणि ते सगळं जुनंच राहणार आहे. डायल तोच, काटे तेच, सासरे ज्या वजनांना दर आठवड्याला चावी देऊन वर चढवायचे ती वजनं तीच. पहाटे जी धून त्यांना झोपेत ऐकू यायची तीच ऐकू येईल. जुनं मशीन मात्र कोणाला देऊ नका, पुसून डब्यात ठेवा, आणि दाराच्या आत पेन्सिलीने मशीन बदलल्याची तारीख लिहा, पुढे नातवंडांपैकी कोणाला दुरुस्त करावंसं वाटलं तर सगळं जागेवर असेल.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून परत येताना त्याचं उभं घड्याळ पुण्याला आणलं. तिकडे सेकंदाचाही फरक पडत नव्हता म्हणतो, इथे रोज मिनिटभराहून जास्त मागे पडतंय. प्रवासात मशीन बिघडलं का, बदलावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नका बदलू, अजिबात नका! तुमचं मशीन ठणठणीत आहे, बदललंय ते गुरुत्वाकर्षण. पृथ्वी विषुववृत्ताकडे थोडी फुगीर आहे आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तिकडे जास्त, त्यामुळे न्यू जर्सीपेक्षा पुण्यात ओढ किंचित कमी, त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. हिशोब केला तर तोच लंबक इथे दिवसाला साधारण सव्वा मिनिट मागे पडायला हवा, आणि तुमचा तेवढाच पडतोय. मला तर हे पत्र वाचून फार आनंद झाला कारण १६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला तेव्हा त्याचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, आणि त्यावरूनच पुढे न्यूटनला पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचा आधार मिळाला. तेच तुमच्या हॉलमध्ये घडतंय.

उपाय सोपा. लंबकाच्या चकतीखालचा नट फिरवून चकती दीड-पावणेदोन मिलिमीटर वर घ्या. जवळपास मीटरभर लांबीचा, सेकंदाला एक ठोका देणारा लंबक १ मिलिमीटर आखूड केला की दिवसाला साधारण ४३ सेकंद पुढे जातो. एकदम नको, एक फेरा द्या, चोवीस तास थांबा, मोबाईलशी ताडून बघा, मग पुढचा. उन्हाळ्यात लंबकाची दांडी स्टीलची असेल तर १० अंशांनी तापमान वाढल्यावर दिवसाला ५ सेकंदांच्या आसपास परत मागे जाईल, तेवढं चालायचंच.

प्रश्न : आजोबांचं चावीचं भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ आहे, दुकानदार म्हणतो आत सेलचं मशीन टाकून देतो, लंबकही हलेल. टाकू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, नको. सेलच्या मशीनमध्ये लंबक नुसता शोभेला हलतो, वेळेशी त्याचा संबंध नसतो, आणि ते बसवायला बरेचदा डायलची किंवा पेटीची भोकं मोठी करतात, ती परत बुजत नाहीत. आधी चावीची घड्याळं स्वतः उघडून दुरुस्त करणारा माणूस शोधा आणि साफसफाई करून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. घरी कोणाला मात्र स्क्रू खोलू देऊ नका. भरलेली स्प्रिंग आधी उतरवल्याशिवाय प्लेट उघडली तर ती एका झटक्यात सुटते, दाते तुटतात आणि बोटंही सापडतात.