फोन झोपला की वायफाय गायब: स्वतः बनवलेल्या ॲक्सेस पॉइंटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, एका जुन्या छोट्या कॉम्प्युटरला यूएसबी वायफाय डाँगल लावून लिनक्सवर होस्टएपीडी या प्रोग्रॅमनं ॲक्सेस पॉइंट (म्हणजे वायफाय देणारं केंद्र) केलाय. लॅपटॉप मस्त चालतात. पण फोनची स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की फोनला पिंग (उत्तर येतंय का बघणारी हाक) लागत नाही, वायफाय प्रिंटर पण मधूनमधून यादीतून गायब होतो, आणि फोन हातात घेऊन काही उघडलं की तो लगेच परत दिसायला लागतो. सगळे म्हणतात पॉवर सेव्ह बंद करा, म्हणून ॲक्सेस पॉइंटच्या इंटरफेसवर ते ऑफ केलं, काही फरक नाही. डाँगल बदलू का?

उत्तर: बदलायची वेळ येऊ शकते, पण आधी नेमकं काय बिघडलंय ते बघू. तुम्ही जी सेटिंग बंद केलीत तिचा या त्रासाशी संबंधच नाही हो. वायफाय कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या आयडब्ल्यू कमांडनं जो पॉवर सेव्ह ऑन-ऑफ होतो तो कार्ड क्लायंट म्हणून दुसऱ्या राउटरला जोडलेलं असतं तेव्हाचा. ॲक्सेस पॉइंट मोडमधल्या कार्डाला झोपायची मुभाच नसते. झोपतो तो फोन, झोपतो तो प्रिंटर, आणि ॲक्सेस पॉइंटचं काम असं की कोण झोपलंय ते लक्षात ठेवायचं, त्याचे पॅकेट (डेटाचे तुकडे) धरून ठेवायचे आणि तो जागा झाला की द्यायचे. तुमच्याकडे या धरून ठेवण्यात किंवा देण्यात गडबड आहे.

हे चालतं कसं ते जरा सविस्तर सांगते, कारण हे कळलं की निम्मी शोधाशोध वाचते. फोन झोपायच्या आधी एक रिकामी फ्रेम (हवेतून जाणारा एक संदेश) पाठवतो, तिच्यात पॉवर मॅनेजमेंटचा बिट १ केलेला असतो, म्हणजे मी आता रेडिओ बंद करतोय असा निरोप. तिथून पुढे त्या फोनसाठी आलेलं पॅकेट ॲक्सेस पॉइंट हवेत सोडत नाही, रांगेत ठेवतो. मग दर १०२.४ मिलिसेकंदाला जो बीकन (ॲक्सेस पॉइंटची ‘मी इथे आहे’ अशी हाक) जातो (सेटिंगमध्ये आपण १०० लिहितो ते टाइम युनिट असतात, एक युनिट म्हणजे १०२४ मायक्रोसेकंद) त्यात टिम नावाची एक यादी असते, तिच्यात प्रत्येक क्लायंटचा एक बिट, आणि फोन अधूनमधून फक्त बीकन ऐकण्यापुरता जागा होऊन आपला बिट लागलाय का बघतो, लागला असेल तर पीएस-पोल नावाची मागणी पाठवून किंवा सरळ जागा झाल्याचं कळवून आपलं पॅकेट मागून घेतो. हा झाला एकाच क्लायंटसाठीच्या म्हणजे युनिकास्ट पॅकेटचा मार्ग.

ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी) आणि मल्टिकास्ट (एका गटासाठी) पॅकेटचा मार्ग वेगळा आहे आणि घरगुती सेटअपमध्ये बहुतेक वेळा हाच मोडलेला असतो. एक जरी क्लायंट झोपलेला असला तरी ही पॅकेट सगळ्यांसाठीच रोखायची, आणि ठरावीक बीकननंतर, ज्याला डीटीआयएम म्हणतात, त्याच्या लगेच पाठोपाठ सोडायची असा नियम आहे. होस्टएपीडीत डीटीआयएम पिरियड डिफॉल्टला २ असतो, म्हणजे दर दुसरा बीकन. झोपलेले क्लायंट तेवढ्याच वेळी कान देऊन असतात. ती वेळ चुकवून पॅकेट आधीच हवेत सोडलं तर त्यांना ते कधीच कळत नाही, कारण ब्रॉडकास्टला पोचपावती नसते आणि त्यामुळे ते परत पाठवलंही जात नाही.

आता तुमचं लक्षण बघा. फोनला पिंग करायचं तर आधी त्याचा मॅक ॲड्रेस (वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक) लागतो, तो विचारायला एआरपीची हाक जाते, आणि ती हाक असते ब्रॉडकास्ट. प्रिंटर शोधायला जे एमडीएनएस वापरतात ते मल्टिकास्ट. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच रस्त्यावरच्या आहेत. फोननं स्वतः काही पाठवलं की एआरपीची नोंद तयार होते आणि मग थोडा वेळ सगळं सुरळीत, हेही त्यात बरोबर बसतं.

खात्री अशी करा. फोनची स्क्रीन बंद करून पाच मिनिटं तसाच ठेवा, मग ॲक्सेस पॉइंटवर त्या फोनची एआरपी नोंद पुसा आणि पिंग करा. होस्ट अनरीचेबल आलं तर आता त्याच फोनची नोंद हातानं, कायमस्वरूपी म्हणून घाला आणि परत पिंग करा. (मॅक ॲड्रेस होस्टएपीडीच्या जोडलेल्या स्टेशनांच्या यादीतूनच घ्या, हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट ॲड्रेस देतात, फोनच्या डब्यावर छापलेला चालणार नाही.) आता शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरानं का होईना उत्तरं आली, तर युनिकास्टचं काम नीट चाललंय आणि दोष फक्त ब्रॉडकास्ट धरून ठेवण्यात आहे हे पक्कं. तरीही उत्तर आलंच नाही तर टिमचाच घोळ आहे, आणि तो जास्त गंभीर.

आत डोकावून बघायचं असेल तर तेही जमतं. ड्रायव्हर मॅक८०२११ या लिनक्सच्या सामायिक वायफाय कोडवर चालणारा असेल तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) डीबगएफएस या तपासणीसाठीच्या जागेत तुमच्या इंटरफेसच्या फोल्डरात किती स्टेशन झोपलीयत, डीटीआयएमचा काउंट किती आणि किती मल्टिकास्ट पॅकेट थांबलीयत याचे आकडे असतात, आणि प्रत्येक स्टेशनच्या फोल्डरात त्याच्यासाठी थांबलेल्या पॅकेटचा आकडाही असतो. फोन झोपल्यावरसुद्धा झोपलेल्यांची संख्या शून्यच दिसत असेल तर एकतर फोनचा निरोप ड्रायव्हर वर पोचवत नाहीये किंवा तो सगळा हिशोब डाँगलमधलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर स्वतःकडेच ठेवतंय. तसं तर रांगही बेसुमार नसते बरं का, मॅक८०२११ मध्ये एका झोपलेल्या स्टेशनसाठी एका प्राधान्य गटात ६४ फ्रेम इतकीच मर्यादा आहे, त्यामुळे मोठी डाउनलोड चालू असताना फोन डुलक्या घेत असेल तर पॅकेट गळणं साहजिक आहे, त्याला बिघाड समजू नका.

यूएसबी डाँगललाच हा त्रास जास्त का, तर पीसीआय कार्ड बीकनची वेळ आली की इंटरप्टनं (तातडीच्या इशाऱ्यानं) कर्नलला कळवू शकतं, त्यामुळे ड्रायव्हरला नवीन टिम भरून डीटीआयएमच्या मागे ब्रॉडकास्ट बरोबर चिकटवता येतं. यूएसबीवर हा निरोप उशिरा येतो किंवा येतच नाही, मग काही ड्रायव्हर सरळ ब्रॉडकास्ट आल्या आल्या हवेत सोडून देतात. जागे लॅपटॉप ते ऐकतात, झोपलेले फोन नाही, आणि आपल्याला वाटतं फोनच खराब आहे. कार्डाच्या माहितीत एपी मोड लिहिलेला दिसतो तो एवढंच सांगतो की बीकन निघेल आणि क्लायंट जोडले जातील, झोपलेल्यांना तो नीट सांभाळेल याची ती हमी नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण डाँगल निवडताना बरेच जण तेवढी एक ओळ बघून थांबतात.

उपाय म्हणाल तर आधी होस्टएपीडीतला मल्टिकास्ट टू युनिकास्ट हा पर्याय १ करून बघा, तो एआरपी, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ ची ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट पॅकेट प्रत्येक स्टेशनला वेगवेगळी युनिकास्ट करून पाठवतो, म्हणजे मोडलेला रस्ता टाळून चालणाऱ्या रस्त्यानं नेतो. ड्रायव्हरची साथ लागते, शिवाय क्लायंट खूप असतील तर हवेतली गर्दी वाढते, पण पाच-दहा उपकरणांना हरकत नाही. ब्रिजच्या (दोन नेटवर्क जोडणाऱ्या भागाच्या) पोर्टवर याच नावाची एक सेटिंग असते ती वेगळी, ती एआरपीला हात लावत नाही, त्यामुळे तुमच्या पिंगचं काम तिनं होणार नाही. आणि यानंही भागलं नाही तर हो, बदला, पण परत यूएसबी घेऊ नका, जागा असेल तर एथ९के किंवा एमटी७६ ड्रायव्हरवर चालणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बघा.

एक मात्र लक्षात असू द्या, अँड्रॉइड फोन स्क्रीन बंद असताना मल्टिकास्ट पॅकेट स्वतःहूनही गाळतो, ॲपनं खास मागणी केल्याशिवाय ती वर जातच नाहीत. म्हणून चाचणी एआरपी आणि पिंगवरच करा, एमडीएनएसवरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न: माझ्या ॲक्सेस पॉइंटवरून फोन रात्रीत कितीतरी वेळा तुटतात आणि परत जोडले जातात, बॅटरी सकाळी निम्म्यावर आलेली असते. लॉगमध्ये डीऑथेंटिकेशनच्या (जोडणी तोडल्याच्या) ओळीच ओळी. कॉन्फिग फाइल एका मित्राकडून घेतलीय, त्यात वायफाय सुरक्षेचं डब्ल्यूपीए ३ लिहिलंय आणि टीकेआयपी पण आहे.

उत्तर: तुटण्याच्या वेळा कागदावर उतरवा, त्यातच उत्तर आहे. सगळे झोपलेले फोन एकदमच आणि ठरावीक अंतरानं, समजा दर दहा मिनिटांनी तुटत असतील तर तो ग्रुप की (सगळ्या फोनची सामायिक चावी) बदलण्याचा त्रास आहे. प्रत्येक फोन आपापलं शेवटचं काम झाल्यावर पाच मिनिटांनी तुटत असेल तर निष्क्रियतेची मर्यादा. आणि काहीच ताळमेळ नसेल तर पोचपावत्या न आल्यामुळे हाकललं जातंय. लॉगमध्ये कारणही लिहिलेलं असतं, ग्रुप कीच्या हँडशेकचा (देवाणघेवाणीचा) टाइमआउट असेल तर रीझन कोड १६ दिसतो.

तुमच्या फाइलवरून मला पहिलंच कारण वाटतंय. तिथे डब्ल्यूपीएपुढे ३ लिहिलं की ते डब्ल्यूपीए३ होत नाही, तर जुनं डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ दोन्ही चालू होतात, ही गफलत फार जणांची होते. त्यात टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत आली की सगळ्यांची सामायिक की टीकेआयपीची होते, आणि तेव्हा होस्टएपीडी ती डिफॉल्टला दर ६०० सेकंदांनी बदलतो. बदलताना प्रत्येक स्टेशनला निरोप जातो, डिफॉल्टला चारदा प्रयत्न होतो, गाढ झोपलेल्या फोननं तेवढ्यात उत्तर दिलं नाही की त्याला काढून टाकतात, मग फोन जागा होतो, पुन्हा जोडतो, पुन्हा झोपतो, आणि रात्रभर हेच. फक्त डब्ल्यूपीए२ ठेवा, म्हणजे २ लिहा, टीकेआयपी काढून फक्त सीसीएमपी ही तिच्या जागची नवी पद्धत ठेवा, मग हीच डिफॉल्ट वेळ ८६४०० सेकंद म्हणजे एक दिवस होते. मित्रानं की बदलायची वेळ फाइलमध्ये हातानं लिहिलेली असेल तर ती ओळही काढा, नाहीतर डिफॉल्ट लागूच होणार नाही. टीकेआयपी सुरक्षेच्या दृष्टीनंही कधीच बाद झालंय, ते गेलेलंच बरं.

बाकीच्या दोन शक्यतांसाठी: निष्क्रियतेची मर्यादा डिफॉल्टला ३०० सेकंद असते, ती संपली की होस्टएपीडी रिकामी फ्रेम पाठवून स्टेशन आहे का ते विचारतो. ही विचारणा वगळायची एक सेटिंग आहे, तुमच्या फाइलमध्ये ती १ असेल तर ० करा, नाहीतर न विचारताच हाकलतो. आणि कमी पोचपावत्यांवरून तोडायची सेटिंग चाचणीपुरती ० करून बघा, त्यानं तुटणं थांबलं तर समजा की ॲक्सेस पॉइंट झोपलेल्या फोनला जागा समजून पॅकेट मारतोय, म्हणजे वरच्या वाचकाच्या उत्तरातली डीबगएफएसची तपासणी तुम्हालाही करावी लागेल.

प्रश्न: ईएसपी३२ (छोटी वायफाय चिप) चे सेन्सर लावलेत, पिंग केलं की कधी १० मिलिसेकंद कधी २०० च्या वर. बीकन इंटरव्हल ५० आणि डीटीआयएम १ करू का? एकानं डब्ल्यूएमएमच बंद करायला सांगितलंय.

उत्तर: डब्ल्यूएमएम (पॅकेटना प्राधान्यक्रम देणारी वायफायची सोय) अजिबात बंद करू नका, त्याच्याशिवाय ८०२.११एन या वायफाय मानकाचे वेग मिळत नाहीत, सगळं जुन्या ५४ मेगाबिटवर येतं. त्या माणसाला बहुतेक यू-एपीएसडी म्हणायचं असेल, ते डब्ल्यूएमएमच्या आतलं झोपेचं वेगळं तंत्र आहे, फोननं पॅकेट पाठवलं की त्याच संधीत त्याची थांबलेली पॅकेट मिळतात. काही ड्रायव्हरांना ते झेपत नाही, आणि मग कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुटतो पण आपला व्यवस्थित जातो. तसं होत असेल तर तेवढी यू-एपीएसडी असल्याचं जाहीर करणारी ओळ बंद करा, बाकी डब्ल्यूएमएम चालू ठेवा.

सेन्सरचं म्हणाल तर तो बिघाड नाहीच. ईएसपी३२ डिफॉल्टला मॉडेम स्लीपमध्ये (रेडिओ अधूनमधून बंद) असतो आणि दर डीटीआयएमला उठतो, म्हणजे डीटीआयएम २ असेल तर २०५ मिलिसेकंदांपर्यंत थांबावं लागणार, ३ असेल तर ३०७. दर सेकंदाला एक पिंग आणि दर ०.२ सेकंदाला एक पिंग असे दोन्ही करून बघा, दुसऱ्यात आकडे खाली आले तर ती निव्वळ झोप आहे, कारण सतत काम आलं की तो जागाच राहतो. दोन्हीत सारखेच वाईट असतील तर झोप सोडून सिग्नल आणि चॅनलची गर्दी तपासा.

डीटीआयएम १ करायला हरकत नाही, फोनची बॅटरी थोडी जास्त जाईल. बीकन इंटरव्हल मात्र १०० च राहू द्या, ५० केलं की बीकन दुप्पट, तेही सगळ्यात कमी वेगानं जाणारे, आणि झोपणाऱ्या सगळ्यांनाच दुप्पट वेळा उठावं लागणार. त्यापेक्षा जो सेन्सर बॅटरीवर नाही त्याच्याच प्रोग्रॅममध्ये सेटस्लीप फॉल्स करा, म्हणजे झोप बंद. बॅटरीवरच्यांना झोपू द्या, तापमान २०० मिलिसेकंद उशिरा कळलं तर काय बिघडतं?

प्रश्न: माझ्या बॉक्समध्ये एकच कार्ड आहे, तेच वरच्या राउटरला वायफायनं जोडलेलं आणि तेच ॲक्सेस पॉइंट. एसएसएचनं (दुरून लॉगिन करून) टाइप करताना अक्षरं अडकतात.

उत्तर: इथे मात्र पॉवर सेव्ह ऑफ करायचाच, पण क्लायंटच्या इंटरफेसवर, ॲक्सेस पॉइंटच्या नाही. नेटवर्कमॅनेजर (लिनक्समध्ये नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ ठेवा, २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, नाहीतर रीबूटनंतर तो परत चालू करेल. वीज वाचवायला पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून लावलं असेल तर तेही काढा, ते यूएसबी आणि पीसीआयची वेगळीच बचत चालू करतं आणि मग कार्ड मध्येच अडखळतं. दोन्ही इंटरफेस एकाच चॅनलवर आहेत ना तेही बघून घ्या, बहुतेक कार्डांना दोन चॅनल एकदम जमत नाहीत.