बिनपगारी रजेच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न: मी डोंबिवलीत राहतो. मुंबईतल्या एका विमान कंपनीत नऊ वर्षं फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवरून उड्डाणांचं नियोजन करणारा, आहे. इंजिनांअभावी आमची काही विमानं उभी आहेत, परदेशी रूटही कमी झालेत. आमच्या कंट्रोल सेंटरमधल्या अकरा जणांना पुढच्या महिन्यापासून ९० दिवस 'फर्लो', म्हणजे बिनपगारी रजा, असा ईमेल आला आहे. सोबत संमतिपत्र आहे. शुक्रवारपर्यंत सही केली नाही तर राजीनामा द्यावा लागेल, असं एचआरने तोंडी सांगितलं. सही करू का? या तीन महिन्यांत दुसरीकडे नोकरी केली तर चालेल का? घराचा हप्ता चालू आहे.

उत्तर: आहे त्या स्वरूपात त्या कागदावर सही करू नका. आणि राजीनामा तर मुळीच देऊ नका.

'फर्लो' हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रांत कैद्यांच्या रजेसाठी वापरतात. कंपनीने तो अमेरिकेतून उचलला आहे. तिथल्या बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांत डिस्पॅचरांच्या युनियनचे करार असतात. कपात सेवाज्येष्ठतेप्रमाणे होते, आणि कामं वाढली की त्याच क्रमाने परत बोलावण्याचा हक्क असतो. तुमच्या ईमेलमध्ये शब्द तेवढा आला आहे, हक्क आलेले नाहीत. अकरा नावं कशी निवडली आणि परत कधी बोलावणार, याबद्दल त्यात ओळही नाही.

रजा कामगार मागतो. जी मागितली नाही, ती लादली की तिला रजा म्हणता येत नाही. मालकाकडे काम नाही म्हणून कामगाराला घरी बसवणं याला कायद्यात 'ले-ऑफ' म्हणतात. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्के ले-ऑफ भरपाई होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण ती फक्त कारखाने, खाणी आणि मळे यांना. विमान कंपनी यांपैकी काहीच नाही.

इथे बरेच जण, काही वकीलसुद्धा, निराश होऊन फाइल मिटतात. मला ते पटत नाही, कारण खरा मुद्दा इथूनच सुरू होतो. फायरस्टोन टायर कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यात संप झाला, टायर येईनात, म्हणून दिल्लीच्या वितरण कार्यालयातल्या काही कामगारांना कंपनीने घरी बसवलं. तेही कारखान्यातले कामगार नव्हते, त्यामुळे भरपाईचं कलम त्यांनाही लागू नव्हतं. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, पगार न देता घरी बसवण्याचा अधिकार मालकाला आपोआप मिळत नाही. तो कायद्यात, स्थायी आदेशांत (कंपनीच्या मंजूर सेवानियमांत) किंवा नोकरीच्या करारात कुठेतरी असावा लागतो. तो तसा नसेल, तर कामगार पगार मागू शकतो. कंपनीकडे आज जो अधिकार बहुधा नाही, तो तुमच्या सहीने तिच्या हातात जाईल. संमतिपत्र एवढ्या घाईने का मागितलं जातंय, याचं कारण मला यातच दिसतं.

म्हणून आज रात्री नेमणूकपत्र काढा आणि नंतर सही केलेली सगळी धोरणंही. 'कंपनी गरजेनुसार बिनपगारी रजेवर पाठवू शकेल' अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे का, हे शोधा. असेल तर तुमची बाजू बरीच कमकुवत होते. तेव्हा भांडणापेक्षा वाटाघाट बरी: सगळ्यांना पाळीपाळीने रजा, निम्मा पगार, मेडिक्लेम चालू, परत घेण्याची तारीख लेखी. असं वाक्य नसेल, तर पुढचं वाचा.

शुक्रवारच्या आत ईमेलने उत्तर द्या. गप्प राहिलात तर उद्या तेच 'मूक संमती' म्हणून पुढे येईल. चार ओळी पुरे: मी रजा मागितलेली नाही, मी कामावर यायला तयार आहे, पगार बंद करायला माझी हरकत आहे, राजीनामा देण्याविषयी मला जे तोंडी सांगण्यात आलं, ते कंपनीने लेखी द्यावं. भाषा साधी ठेवा, राग नको. ९० दिवसांत महिन्याच्या पहिल्या तारखेला 'कामावर येण्यास तयार आहे' असा एक ईमेल पाठवत राहा. ड्यूटी रोस्टर, पगारपत्रकं, रिफ्रेशर प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं घरी ठेवा. फ्लाइट प्लॅन किंवा कंपनीची कागदपत्रं मात्र उचलू नका, ते तुमच्यावरच उलटेल.

'तुम्ही एक्झिक्युटिव्ह आहात, कामगार नाही,' असं कंपनी म्हणणारच. हुद्द्याच्या नावाने काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम पाहतात. हवामान आणि नोटॅम (उड्डाणांसाठीच्या अधिकृत सूचना) बघून मार्ग ठरवणं, इंधन आणि पर्यायी विमानतळ काढणं, उड्डाणावर लक्ष ठेवणं हे माझ्या मते सरळसरळ तांत्रिक आणि ऑपरेशनल काम आहे, आणि कायद्यातल्या 'कामगार'च्या व्याख्येत हे दोन्ही शब्द आहेत. त्यात पगाराची मर्यादा नाही. १८,००० रुपयांची मर्यादा फक्त पर्यवेक्षकांना आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तर वैमानिकांनाही 'वर्कमन', म्हणजे कामगार, मानलं आहे. तुम्ही शिफ्ट इनचार्ज असून दिवसभर इतरांच्या रजा आणि अप्रायझल बघत असाल, तरच हा प्रश्न अवघड होतो.

दाद मागायची ती योग्य दारात. लोक वांद्र्याच्या कामगार भवनात जातात आणि हात हलवत परत येतात. हवाई वाहतुकीसाठी 'समुचित सरकार', म्हणजे असे वाद ज्याच्या अखत्यारीत येतात ते, केंद्र सरकार आहे, त्यामुळे राज्याचं कामगार खातं आणि आपल्या औद्योगिक न्यायालयातली अनुचित कामगार प्रथांची तक्रार, हे दोन्ही रस्ते तुम्हाला बंद आहेत. मुंबईतल्या केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, आणि अकराजण मिळून जा. एकट्याच्या पगाराच्या तक्रारीपेक्षा अकरा जणांच्या वादाला तिथे वेगळं वजन असतं. थकलेल्या पगारासाठी वेतन संहितेखाली स्वतंत्र दावा करता येतो. तिथे 'कामगार की एक्झिक्युटिव्ह' हा वाद फारसा आड येत नाही आणि मुदत तीन वर्षांची आहे. निकाल मात्र ९० दिवसांत लागणार नाही. हप्त्याची सोय तो लागेल असं धरून करू नका. बँकेला आत्ताच, हप्ता चुकण्याआधी, पत्र द्या.

आता ९० या आकड्याकडे या. कंपनीने पुढे तुम्हाला कायमचं कमी केलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुमच्या नऊ वर्षांचे १३५ दिवस होतात. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार आहे. पण महिन्याच्या पगारदारांची ही सरासरी शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांवरून काढतात. तीन महिने संमतीने बिनपगारी घालवून चौथ्यात नोटीस आली, तर कंपनी सरासरी शून्य आहे असं म्हणू शकते. कंपनीच्या मनात हे आहेच, असं मी म्हणत नाही. पण तुमची हरकत नोंदलेली असेल, तर तो पगार 'देय' होता असं तुम्हाला म्हणता येईल. संमती दिली असेल तर तेही म्हणता येणार नाही.

राजीनाम्याने मात्र ही सगळी भरपाई जाते. शिवाय कपातीत शेवटी आलेला आधी जातो, आणि वर्षभरात पुन्हा भरती झाली तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यावी लागते. राजीनामा दिलेल्याला यातलं काहीच मिळत नाही.

दुसरी नोकरी: रजेवर असताना तुमचा करार जिवंत असतो. १९६७चा निकाल तुमच्या शेजारच्या कल्याणमधला आहे. टायर कॉर्डच्या कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारात असतानाच प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला मनाई कायम ठेवली. त्याचा पगार कोणी थांबवला नव्हता, हा फरक मोठा आहे आणि मी तो न्यायालयात नक्की मांडेन. तरीही लेखी परवानगी मागा. 'पगार बंद असेल तोवर अन्यत्र काम करायला हरकत नसावी' असं त्याच ईमेलमध्ये लिहा. परवानगी मिळाली तर उत्तम. नाकारली, तर पगारही नाही आणि काम करायलाही बंदी, हे कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं असेल. दुसऱ्या विमान कंपनीत डिस्पॅचर म्हणून मात्र परवानगीशिवाय जाऊ नका. शिकवणी, फ्लाइट अकादमीत वर्ग घेणं यात धोका कमी आहे.

डिस्पॅचर म्हणून डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) मिळालेल्या मान्यतेबद्दलही त्याच ईमेलमध्ये विचारा. या काळात रिफ्रेशर येत असेल तर तो कंपनी करून देणार का? मान्यता कंपनीच्या निर्णयामुळे लटकली, तर परत आल्यावर डेस्कवर बसवायला अडचण, असं कारण तुमच्यापुढे ठेवलं जाईल.

कंट्रोल सेंटरमध्ये जे मागे राहतील, त्यांच्याशीही बोला. अकरा जणांची उड्डाणं त्यांच्या टेबलांवर येणार आहेत. ज्याच्या सहीने कॅप्टनच्या टाकीत इंधन भरलं जातं, त्याच्यावर किती उड्डाणांचा भार टाकायचा, हा प्रश्न त्यांनी सुरक्षा विभागाकडे लेखी नेला पाहिजे. तुमच्या अर्जात मी तो वेगळा मुद्दा म्हणून घेईन.

नेमणूकपत्र आणि तो ईमेल घेऊन गुरुवारच्या आत जवळच्या कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. शुक्रवारचं उत्तर त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या.