वाचकांचे प्रश्न : कासवाची पिल्लं समुद्राकडे निघताना

प्रश्न : घरट्याला पन्नास दिवस झाले म्हणून दोन संध्याकाळी किनाऱ्यावर बसून राहिलो. एकही पिल्लू दिसलं नाही. नेमकी वेळ ओळखता येते का?

उत्तर : तारीख सांगता येत नाही, अंदाज येतो. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी साधारण 45 ते 60 दिवसांत फुटतात. वाळू गरम असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. शिवाय अंडं फुटलं म्हणजे पिल्लू लगेच वर आलं, असं नसतं. नाकाच्या टोकावरच्या टोचऱ्या दाण्याने कवच फोडल्यावर ते हातभर खोल वाळूत काही दिवस काढतं. पोटाला चिकटलेला बलक तेवढ्यात आत जिरतो. मग सगळी पिल्लं मिळून चुळबुळत, डोक्यावरची वाळू खाली पाडत वर सरकतात.

म्हणून दिवस मोजत बसण्यापेक्षा वाळू बघा. घरट्यावर बशीसारखा खळगा पडला, की खाली हालचाल सुरू झाली. कधी त्या खळग्यातून एखादंच करडं डोकं वर येतं आणि तासन्‌तास गप्प राहतं. ते मेलेलं नसतं. वरची वाळू तापलेली असली की पिल्लं थबकतात. ती निवली, की बहुधा रात्री, पाहता पाहता पिल्लांचा घोळका उसळून बाहेर पडतो. उकरून ‘मदत’ मात्र नको. बलक न जिरलेलं पिल्लू बाहेर काढलं तर ते दगावू शकतं.

प्रश्न : बॅटरीला लाल कागद लावला तर चालेल का? आणि उभं कुठे राहायचं?

उत्तर : पातळ कागदातून पांढरा उजेड गळतो, मुळातच लाल दिव्याची बॅटरी बरी. पिल्लं उंच, काळोख्या आकारांपासून दूर, क्षितिजालगतच्या उजेडाकडे धावतात. निळा-पांढरा उजेड त्यांना सर्वांत जास्त चकवतो, लाल कमी. तोही जमिनीकडेच धरा आणि पिल्लं निघाली की बंद करा. फ्लॅश आठवणीने बंद करणारे लोक मोबाइलचा पडदा मात्र उजळत ठेवतात!

उभं राहायचं घरट्यामागे, जमिनीच्या बाजूला. पुढची वाट आधीच हाताने सपाट करून ठेवा. चार सेंटिमीटरच्या पिल्लाला टाचेचा खोल ठसा म्हणजे खड्डाच. त्यात ते अडकतं आणि खेकड्याला आयतं सापडतं. पिल्लं निघाल्यावर जागचं हलू नका, अंधारात एखादं पायाखाली येईल.

प्रश्न : लाट पिल्लाला परत फेकते. बादलीत घालून खोल पाण्यात सोडलं तर?

उत्तर : नको. एक-दोनदा मागे येणं ठरलेलंच. उलटं पडलेलं पिल्लूही बहुतेक वेळा मान टेकवून सुलटतं. पाण्यात शिरल्यावर ते समोरून येणाऱ्या लाटांच्या रोखाने साधारण दिवसभर जवळजवळ न थांबता पोहत सुटतं, तेही जिरलेल्या बलकाच्या जोरावर. बादलीतल्या पाण्यात ठेवलं, तर हे पोहणं तिथेच सुरू होतं आणि ताकद बादलीच्या भिंतीवर धडका देण्यात संपते.