६००चं मॉडेल हातात घ्यायच्या आधी खरी गाडी बघ

प्रिय पोरी,

मर्सिडीज ६०० च्या छोट्या मॉडेलवरच्या रिव्ह्यूचा तुझा ड्राफ्ट वाचला, नीट वाचला. भाषा छान आहे, फोटो पण बरे आलेत, पण खरं सांगू का, तो रिव्ह्यू नाहीये, ती यादी आहे. चारही दारं उघडतात, बॉनेट उघडतं, डिकी उघडते, स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळतात, आत कार्पेट आहे, बॉक्स मजबूत आहे, दहापैकी नऊ. अगं हे सगळं बॉक्सच्या मागच्या बाजूला पण छापलेलं असतं. वाचणाऱ्याला तुझ्याकडून एवढंच हवंय की ही मर्सिडीज ६०० वाटते का, आणि वाटत नसेल तर नेमकं कुठे बिघडलंय. ते सांगायचं तर आधी खरी गाडी डोक्यात पक्की बसायला हवी, मॉडेल नंतर.

तर ६०० पहिल्यांदा दाखवली ती १९६३ च्या सप्टेंबरमध्ये, फ्रँकफर्टच्या मोटर शोला. कंपनीतला कोड डब्ल्यू१००. १९८१ पर्यंत बनत राहिली आणि एवढ्या वर्षांत झाल्या फक्त २,६७७ गाड्या, म्हणजे जवळपास प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाच्या मर्जीने बनलेली. गिऱ्हाइकं पण बघ कोण, एकीकडे एल्विस प्रेस्ली आणि जॉन लेनन, दुसरीकडे युगोस्लावियाचा मार्शल टिटो आणि थेट पोप. ६.३ लिटरचं वी८ इंजिन, २५० हॉर्सपॉवर, अडीच टनाच्या आसपास धूड आणि तरी ताशी २०५ किमी. हे आकडे तू दिलेत ड्राफ्टमध्ये, ठीक आहे, पण नुसते दिलेत, त्यांचा मॉडेलशी संबंध कुठेच लावला नाहीस.

माझ्या मते ह्या गाडीची खरी गंमत हायड्रॉलिकमध्ये आहे. काचा, सीट, सनरूफ, डिकीचं झाकण, हे सगळं तेलाच्या दाबावर चालायचं, आणि दाब किती तर १५० बार, आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते त्यावरून अंदाज घे. त्यामुळे काच वर जाताना मोटरची घरघर नाही, डिकी आपोआप हळूच बंद होणार, सगळं आवाज न करता. सस्पेन्शन हवेवरचं. म्हणजे ह्या गाडीची श्रीमंती बरीचशी न दिसणारी आणि न ऐकू येणारी आहे, आणि नेमकं तेच कुठल्याही मॉडेलमध्ये येऊ शकत नाही, कितीही पैसे ओत. मग मॉडेलवाल्याच्या हातात उरतं काय, तर गाडीचा आकार आणि ती जमिनीवर उभी कशी राहते ते. तू ह्या दोन गोष्टींवर मिळून अर्धी ओळ लिहिलीयेस, ‘लुक एकदम रॉयल’. रॉयल म्हणजे काय ते सांग ना.

मापं घे. व्हर्नियर कॅलिपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, स्वस्तातला प्लॅस्टिकचा घेतलास तर उत्तमच, मेटलचा रंगावर ओरखडे काढतो. खरी साधी, म्हणजे छोट्या व्हीलबेसची ६०० लांबीला ५,५४० मिमी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ३,२००, रुंदी १,९५०. मॉडेलचं स्केल १:१८ म्हणजे सगळ्याला १८ ने भाग, लांबी साधारण ३०८ मिमी यायला हवी, व्हीलबेस १७८ च्या जरा खाली, रुंदी १०८. मिलीमीटरभर इकडेतिकडे चालतं, पण व्हीलबेस तीन मिलीमीटर कमी आला तर खऱ्या गाडीत ते ५४ मिमी झाले, आणि ६०० चा सगळा डौल त्या व्हीलबेसवर आणि लांबच लांब बॉनेटवरच उभा आहे. आता तुझ्या ड्राफ्टमध्ये एका ठिकाणी ‘६००’ लिहिलंय आणि एका ठिकाणी ‘पुलमन’, हे एकदा ठरव बाई. पुलमन म्हणजे लांब ६००, ६,२४० मिमी लांब, व्हीलबेस ३,९००, म्हणजे १:१८ मध्ये ३४७ मिमी लांबी आणि २१७ मिमीच्या जवळ व्हीलबेस. टेबलावर चार सेंटिमीटरचा फरक पडतो, ह्यात घोळ होताच कामा नये. पुलमनमध्ये पण चार दारांची वेगळी, सहा दारांची वेगळी, आणि वर लँडोलेट, जिचं मागचं छत कापडी आणि उघडणारं. लँडोलेट सगळ्या मिळून ५९ झाल्या, १९६५ मध्ये इंग्लंडची राणी पश्चिम जर्मनीला गेली तेव्हा अशाच लँडोलेटमधून फिरली. मॉडेलवाला कधीकधी एकीचं अंग घेतो आणि दुसरीची ट्रिम, म्हणजे दिवे-पट्ट्या वगैरे, लावून देतो, ते पकडणं हे रिव्ह्यू करणाऱ्याचं काम.

ट्रिमवरून आठवलं, हेडलाइट बघितलेस का नीट? युरोपातल्या ६०० ला उभा एकसंध काचेचा दिवा आहे, अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना तिथल्या नियमांमुळे वेगळे गोल सीलबंद दिवे. तुझ्या फोटोत मला गोल दिवे दिसतायत आणि नंबरप्लेट स्टुटगार्टची, म्हणजे जर्मनीतल्या मर्सिडीजच्याच शहराची. होऊ शकतं, नंतर कोणी गाडी परत जर्मनीत आणली असेल, पण मॉडेलची कंपनी तसं म्हणतेय का? नसेल म्हणत तर ती चूक म्हणून लिही, आणि चूक का ते पण लिही. आणि हो, दिव्याच्या काचेच्या मधोमध प्लॅस्टिकची खुंटी दिसत असेल तर तेही, कारण एकदा ती दिसली की मग दुसरं काही दिसत नाही.

उभं राहणं म्हणजे स्टान्स, ह्यावर जरा जास्त बोलतो. हवेच्या सस्पेन्शनमुळे खरी गाडी चालू असताना पुढेमागे एका लेव्हलला असते, मागे चार जाडजूड मंत्री बसले तरी, आणि खराब रस्ता आला की ड्रायव्हर थोडी वर पण उचलू शकायचा. बरेच दिवस उभी ठेवली आणि कुठे गळती असली की मात्र हवा उतरून ती खाली बसते. मग मॉडेलवाल्याने कुठली अवस्था पकडलीय? बहुतेक वेळा चूक उलटी असते, मॉडेल उंच उभं राहतं, चाकाच्या वर कमानीत अंधारी मोकळी जागा दिसते आणि एवढी मोठी लिमोझिन जीपसारखी वाटायला लागते. हे तपासायला कॅलिपर फार कामाचा नाही. मर्सिडीजच्या जुन्या प्रसिद्धीच्या फोटोंपैकी एक शुद्ध बाजूचा फोटो शोध, त्यात टायरचा किती भाग कमानीखाली झाकलाय ते बघ, आणि तसाच फोटो मॉडेलचा काढून शेजारी ठेव. त्याच फोटोवर अजून एक गोष्ट करता येते, व्हीलबेसला एकूण लांबीने भागायचं, छोट्या ६०० ला ०.५८ च्या आसपास यायला हवं, पुलमनला ०.६२ ते ०.६३. ह्याला स्केल लागतच नाही, त्यामुळे बॉक्सवर १:१८ लिहून आत १:१९ दिलं असलं तरी आकार बरोबर आहे की नाही ते कळतं.

पण त्यासाठी फोटो नीट काढावा लागतो आणि तुझे फोटो, रागावू नकोस, खूप जवळून काढलेत. फोन मॉडेलच्या नाकाशी नेला की बॉनेट फुगतं आणि मागची बाजू आक्रसते, मग मॉडेल वाईट की फोटो वाईट ते समजत नाही. हिशोब सोपा आहे, मॉडेलपासून २८ सेंटिमीटरवर फोन धरलास म्हणजे खऱ्या गाडीपासून पाच मीटरवर उभी राहिलीस. जुने प्रसिद्धीचे फोटो त्याहून बरेच लांबून काढलेले असायचे, म्हणून तू पण मॉडेलपासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर जा आणि झूम वापर. उंची पण तशीच, माणसाचे डोळे जमिनीपासून एक मीटर साठच्या आसपास, म्हणजे लेन्स टेबलापासून नऊ सेंटिमीटरवर. वरून काढलेला फोटो म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून बघितलेली गाडी, तशी ६०० कोणालाच भारी वाटणार नाही.

आता तू ज्याचं एवढं कौतुक केलंस ती उघडणारी दारं. एक मिलीमीटरची फट म्हणजे खऱ्या गाडीत १८ मिलीमीटर, आरामात बोट जाईल. त्या काळच्या मर्सिडीजला अशी फट? स्टुटगार्टमध्ये कोणाचीतरी नोकरी गेली असती. आणि दार उघडल्यावर बिजागरी बघ, कित्येक मॉडेलमध्ये एक जाड वाकडी पट्टी आतून बाहेर येते, खऱ्या गाडीत तसलं काही नसतं. म्हणून मला कधीकधी बंद अंगाचं रेझिन मॉडेल (साच्यात ओतलेलं, प्लॅस्टिकसारखं) जास्त आवडतं, काही उघडत नाही पण कडा धारदार असतात आणि फट म्हणजे बारीक रेघ, ह्यावरून कलेक्टर लोक तावातावाने भांडतात आणि मी बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला असतो असं सगळे म्हणतात. असो. डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेलं मॉडेल, हातात जड लागतं म्हणून ते चांगलं, हे मात्र लिहू नकोस. जस्ताचा मिश्रधातू आहे तो, जड असणारच.

क्रोम. मर्सिडीजचा डिझायनर पॉल ब्राकने फ्रीडरिश गायगरच्या हाताखाली ही बॉडी रेखली, आणि त्याच काळातल्या अमेरिकन लिमोझिनच्या शेजारी उभी केलीस तर किती सरळ आणि संयमी आहे ते दिसेल. क्रोम आहे भरपूर, पण बारीक कडांचं. मॉडेलमध्ये तेच जाड प्लेटिंगचं आलं की गाडी लग्नाच्या हॉलमधल्या चमकीच्या झालरीसारखी दिसायला लागते. खिडक्यांभोवतीची पट्टी आणि ग्रिलच्या उभ्या रेघा बघ, फोटो-एच केलेल्या, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या आहेत की प्लॅस्टिकच्या, आणि ग्रिलमधून आरपार दिसतं की मागे नुसता काळा रंग मारलाय. ग्रिलच्या वरचा मर्सिडीजचा तारा जवळजवळ सगळ्यांचाच जाड असतो, कारण स्केलप्रमाणे बारीक केला तर पहिल्यांदा धूळ पुसतानाच तुटेल, तेवढं माफ कर. हबकॅपचा, म्हणजे चाकावरच्या झाकणाचा, मधला भाग बॉडीच्या रंगाचा हवा. रंगाचं म्हणशील तर तुझं मॉडेल काळं आहे आणि काळा रंग फटी लपवतो, त्यामुळे दिव्याचा उजेड तिरपा पाडून बघ आणि दारांच्या कडांवर रंगाचा थर जाड होऊन त्या गोल झाल्यात का तेही बघ.

आतली लाकडी पट्टी, सीट, मागचे पडदे ह्यावर तू लिहिलंस ते बरोबर आहे, तो भाग तसाच ठेव.

एक मात्र लक्षात ठेव, प्रत्येक ६०० ला ही फूटपट्टी लावायची नाही. १९६४ मध्ये, म्हणजे खरी गाडी विकायला आली त्याच वर्षी, कॉर्गी ह्या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपनीने वेल्समधल्या स्वान्सीच्या कारखान्यातून ६०० पुलमनचं छोटं खेळणं काढलं, नंबर २४७. त्यात गाडी जमिनीवर ढकलली की पुढच्या काचेवरचे वायपर हलायचे! मापं घेत बसलीस तर ते नापास होईल, पण ते बनलंच होतं पोरांनी ढकलायला, आणि ढकलल्यावर वायपर हलतात का हीच त्याची परीक्षा. उलट सीएमसी किंवा ऑटोआर्टसारख्या ज्या मॉडेल कंपन्यांनी मोठ्यांसाठी म्हणून ६०० बनवलीय त्यांना शेवटच्या मिलीमीटरपर्यंत धर, त्यांचा दावाच तो आहे. म्हणजे रिव्ह्यूत आधी हे सांग की हे बनवलंय कोणासाठी आणि काय करायला.

किंमत शेवटी लिही, आणि कस्टम ड्यूटी धरून हातात पडेपर्यंत किती गेले ते लिही, नुसती परदेशातली किंमत देऊन काय उपयोग. दुकानदाराने फुकट किंवा डिस्काउंटमध्ये दिलं असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक.

आणि पावसाळा जाऊ दे, मग परत बघ. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चांगल्या चांगल्या डायकास्टच्या रंगाखाली बारीक फोड येतात, मऊ टायर प्लॅस्टिकच्या तळाला चिकटून त्याला वितळवतात, आणि जस्तात शिसं मिसळलेलं असेल तर आख्खी बॉडी फुगून तडे जातात, जुन्या मॉडेलमध्ये हे खूप दिसतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर फोममध्ये आवळून बॉक्सात ठेवू नकोस, सिलिका जेलच्या पुड्या टाकून काचेच्या कपाटात ठेव, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच रिव्ह्यूखाली चार ओळी वाढव. हे कोणीच करत नाही, तू कर.

मुंबईत जुन्या मर्सिडीजची रॅली होते, जमलं तर जा. ६०० तिथे असेलच असं नाही, पण त्या काळातल्या मर्सिडीजच्याच फिनटेल आणि डब्ल्यू१०८ गाड्या दिसतील, त्यांच्या दारांच्या फटी बघ, क्रोमची जाडी बघ, मालकाला विचारून हात लावून बघ, बहुतेक मालक खुशीत दाखवतात आणि मग तासभर सोडत नाहीत, पाण्याची बाटली बरोबर ठेव.

तोपर्यंत मला दोनच गोष्टी पाठव, व्हीलबेसचं माप आणि साठ सेंटिमीटरवरून काढलेला बाजूचा एक फोटो. दुकानाची परत घ्यायची मुदत संपली नसेल तर आजच पाठव, ते हेडलाइटचं प्रकरण मला ठीक वाटत नाहीये.

तुझा,
काका