कविता वाचून-लिहून तुम्हाला स्वतःला काय मिळालं?

तुमचे घरचे म्हणतात की यात नुसता वेळ जातो. खरंय, जातो. पैसाही मिळत नाही. एकदा तालुक्याच्या कविसंमेलनात माझा नंबर रात्री दीड वाजता लागला. समोर उरलेले आठ-दहा जण आपापल्या नंबराची वाट बघणारे कवीच होते.

मला मिळालं ते चार चरणांत मावतं. आई गेल्यावर वर्षभराने तिच्यावर काहीतरी लिहायला बसलो. साचा घेतला मोठ्या अभंगाचा. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' बोटांवर मोजून बघा.

मी लिहिलं, 'आईच्या हाताची, चव आठवते'. सहा आणि सहा, हिशेब चोख. पण आईच्या आमटीत मीठ हमखास जास्त पडायचं आणि आम्ही कुरकुरतच जेवायचो! ही ओळ माझी नव्हतीच, ऐकून ऐकून हाताला लागलेली होती. खोडली. मग ती डोळ्यांसमोर खरंच कशी येते? बांगड्या कोपराकडे सारून परातीशी बसलेली. 'कणीक मळताना' लिहिलं तर सात अक्षरं झाली, म्हणून कणकेचं पीठ केलं. आता यमकाला 'ना' हवा होता. येईना, जाईना, सुचेना करत एकदम 'बोलेना' आलं.

बांगड्या सारून
पीठ मळताना
माझ्याशी बोलेना
रागावली

पेन खाली ठेवलं. शेवटच्या वर्षी मी तिला न विचारता गावच्या जमिनीचा सौदा करायला निघालो होतो. तिने तीन आठवडे अबोला धरला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, माझं मलाही नाही. एका 'ना'साठी ते बाहेर आलं. डायरीत असं होत नाही, निदान माझं तरी. तिथे मी सोयीचं तेवढंच लिहितो.

त्यानंतर वाचणंही बदललं. पूर्वी अभंग कानावरून जायचा. आता 'ठेवोनिया'पाशी थांबतो. सहा-सहाची चाल अचानक चारवर येते आणि विठोबा तसाच कमरेवर हात ठेवून राहतो, वाक्यही पुरं होत नाही.

आणि छापून येण्याची काळजी करू नका. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर.

माझं ते कडवं मी संमेलनात कधी वाचलं नाही. फक्त थोरल्या भावाला फोनवर ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, तेव्हा माझ्याशीपण बोलत नव्हती."