मन सतत मागे-पुढे धावत असतं. समोरचा क्षण अनुभवायला कसं शिकावं?

आधी एक दिलासा: भरकटणं हा मनाचा स्वभावच आहे. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २,२५० जणांना फोनमधल्या अ‍ॅपवरून दिवसात अधूनमधून विचारलं, की आत्ता काय करताय आणि लक्ष कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. गंमत म्हणजे, मन सुखद विचारांत रमलं असतानाही माणसं कामात लक्ष असणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती.

म्हणून विचार थांबवायच्या फंदात पडू नका, ते जमत नाही. रोजचं एकच काम निवडा. मी आंघोळ निवडली होती. पाणी खांद्यावर पडतं तेव्हा कोमट लागतं की गरम, साबणाचा वास, बादलीचा आवाज, एवढंच टिपायचं. दोन मिनिटांत मन ऑफिसात पोचायचं. पोचलं हे कळलं, की पुन्हा पाण्याकडे यायचं. हे परत येणं हाच खरा सराव. वीस वेळा भटकलं तर वीसदा सराव झाला, त्यात चिडण्यासारखं काही नाही.

फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. उशाशी ठेवून ‘बघणार नाही’ म्हणणं माझ्याच्याने तरी कधी झालं नाही.

आणि प्रत्येक क्षण आनंदाचाच असेल असं नाही. कंटाळा आला तर कंटाळाही तसाच बघा. पण दुःख किंवा काळजी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर एकट्याने सराव करत बसू नका, समुपदेशकाला भेटा.