‘मला आठवलं’ लिंग विचारत नाही

प्रश्न असा आला आहे: किशोरवयीन वाचकांसाठी एक क्विअर अद्भुतकादंबरी लिहिली जात आहे. मुख्य पात्र किरण, वय १७. मुलगा नाही, मुलगीही नाही. धाकटी बहीण वारली आहे आणि लोककथांतल्या मंत्रांनी किरणला तिचा माग काढायचा आहे. किरणसाठी ‘ते’ चालेल का?

माझं मत, नको. ‘ते रडले’ म्हटलं की कुणी वडीलधारे गृहस्थ दिसतात, ‘ते रडलं’ म्हटलं की पाळण्यातलं बाळ. आजीच्या तोंडी ‘लेकरू दमलं माझं’ गोडच लागतं, पण निवेदनच तसं झालं तर किरणचं लेकरूपण शेवटच्या पानापर्यंत संपायचं नाही.

किरणलाच बोलू द्या. ‘मी’ला लिंग नाही, ते क्रियापदात उमटतं: आलो, आले. पण ‘येईन’मध्ये उमटत नाही. ‘मी दिवा लावला’ यात क्रियापद दिव्यामागे जातं, लावणाऱ्यामागे नाही. आणि शोकात तर मराठी फार हळुवार होते. ‘मला रडू आलं’, ‘तिची हाक ऐकू आली’, ‘माझा धीर सुटला’. इथे आपण कर्ते नसतोच, दुःख आपल्याकडे येतं. क्रियापद रडणाऱ्याकडे वळून बघत नाही.

अडतं ते ‘विसरणे’पाशी. सकर्मक असूनही ते कर्त्यामागे जातं: ‘मी तिचा आवाज विसरलो’ की ‘विसरले’? ‘मला आठवलं’ला लिंग लागत नाही, विसरायला लागतं! हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ‘विसर पडला’ अशी पळवाट आहे, पण ती घेऊ नका. बहिणीचा आवाज पुसट होत चालला आहे आणि किरणला हे वाक्य पुरं करता येत नाही, असा प्रसंग या कादंबरीत हवाच.

तृतीयपुरुषी निवेदनच हवं असेल तर रीती भूतकाळ आहे: ‘किरण रोज नदीवर जाई, मंत्र म्हणे, दिवा सोडी.’ तो, ती, ते, तिघांनाही हेच रूप. ‘आटपाट नगर होतं, तिथे एक राजा राज्य करी’ हा कहाणीचा सूरही तोच, म्हणजे जादूच्या पानांवर तो उपरा वाटणार नाही. एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘किरणने दार उघडलं’.

आणि लिंग सगळीकडे लपवायलाच हवं असंही नाही. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, त्याने त्यांचं बाईपण कमी होत नाही. किरणने एका पानावर ‘आलो’ म्हटलं आणि पुढच्या पानावर ‘आले’, तर मुद्रितशोधकाला ते दुरुस्त करू देऊ नका.